झाड तारांवर पडलं तर कुणाला बोलवायचं? ठाणे–नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

झाड पडतं, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. इमारतीकडे येणाऱ्या तारांवर अडकून राहतं आणि त्याच्या लोंबत्या फांद्यांखालून माणसं येत-जात राहतात. नौपाडा, चरई, कोपरीच्या गल्ल्यांत किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांत राहायला आला असाल, तर वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर हे चित्र कधी ना कधी तुमच्या दारात दिसेल.

मग सुरू होते टोलवाटोलवी. केबलवाला म्हणतो, महापालिकेला सांगा. महापालिकेची माणसं करवत घेऊन येतात आणि म्हणतात, आधी लाइन बंद करून घ्या. वीज कंपनीचा माणूस म्हणतो, झाड तोडणं आमचं काम नाही. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच झाड तिथेच राहतं. साधा नियम लक्षात ठेवा: तार ज्याची, ती बंद आणि मोकळी करून देणं त्याचं काम; झाड ज्याचं, ते उचलणं त्याचं काम. या दोघांची गाठ घालून द्यायला मात्र कुणी नेमलेलं नसतं. ते तिथे राहणाऱ्या कुणाला तरी करावं लागतं, आणि ते कसं करायचं ते खाली क्रमाने सांगतो.

पहिलं काम: लांब राहा, लांब ठेवा

तार कोणती आहे हे कळेपर्यंत ती जिवंत आहे असंच धरायचं. किमान दहा मीटर अंतर ठेवा. ओलं लाकूड वीज वाहतं, त्यामुळे 'मी तारेला नाही, फांदीला हात लावतोय' याला काही अर्थ नाही. फांदी टेकलेलं लोखंडी गेट, कंपाउंडची जाळी, खाली उभी असलेली गाडी आणि तिथे साचलेलं पाणी, सगळ्यांना हाच नियम.

कुणी गाडीत असेल आणि गाडीवर तार पडली असेल, तर त्याला आतच बसायला सांगा. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जुळवूनच लहान लहान उड्या मारत किंवा पावलं घासत लांब जायचं. जमिनीत उतरलेल्या विजेचा दाब पावलागणिक बदलतो, म्हणून लांब ढांग टाकणं धोक्याचं.

वॉचमनला सांगून दोन्ही बाजूंनी दोरी किंवा बाकडी लावून वाट बंद करा. लहान मुलं आणि दूध-पेपर टाकणारी मुलं यांच्याकडे खास लक्ष असू द्या. घाईत तेच पहिल्यांदा खालून जातात.

एक गैरसमज जिवावर बेततो: 'लाइट गेलेत, म्हणजे तार मेलेली आहे.' तसं नसतं. फीडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन, ट्रिप होऊन बंद पडल्यावर ती पुन्हा चालू करून पाहिली जाते. शिवाय सोसायटीचा जनरेटर चालू असेल आणि चेंजओव्हर (बाहेरची वीज तोडून जनरेटरची जोडणारा स्विच) नीट नसेल, तर वीज उलटी बाहेरच्या तारेत जाऊ शकते. म्हणून सेक्रेटरींना फोन करून जनरेटर आपोआप सुरू होणार नाही याची आधी खात्री करून घ्या.

दुसरं: तार ओळखा, लांबूनच

खांबाच्या अगदी वरच्या टोकाला, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर, तीन उघड्या तारा असतील तर ती उच्चदाबाची लाइन, ११ किंवा २२ हजार व्होल्टची. तिच्यावर झाड असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी फोन करा. त्याखाली चार-पाच उघड्या तारा किंवा एकमेकींभोवती पिळलेल्या जाड काळ्या केबल्स म्हणजे लघुदाब. तिथून तुमच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत येणारी एकच काळी केबल म्हणजे सर्व्हिस वायर. या तिन्ही वीज कंपनीच्या अखत्यारीतल्या.

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला जाणारी तार बहुतेक वेळा महापालिकेच्या विद्युत विभागाकडे असते, वीज कंपनीकडे नव्हे. सोसायटीच्या आवारातल्या दिव्यांची तार सोसायटीची.

उरलेला झुपका, गच्चीवरून गच्चीवर आणि झाडाला बांधून नेलेला, तो केबल टीव्ही आणि इंटरनेटचा. 'ती केबलची तार आहे, काही होत नाही' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते चूक आहे. केबल टीव्हीच्या मार्गावर सिग्नल वाढवणारे डबे असतात आणि त्यांना वीज लागते. ती कधी त्याच केबलमधून, कधी कुणाच्या घरातून दिलेली असते. फायबरच्या आत काच असली तरी घरापर्यंत येणाऱ्या बऱ्याच केबल्समध्ये ताण पेलण्यासाठी पोलादी तार असते. झाडाने हा झुपका सर्व्हिस वायरवर दाबला आणि तिचं वेष्टण सोललं, तर वीज त्या पोलादी तारेतून पार तिसऱ्या इमारतीच्या गच्चीपर्यंत जाऊ शकते.

नवी मुंबईत एक वेगळी गोष्ट आहे. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेल्या सेक्टरांत विजेच्या वितरण केबल्स बहुतांशी जमिनीखालून गेल्या आहेत. तिथे झाडाच्या उंचीवर दिसणाऱ्या तारा बहुधा केबल-इंटरनेटच्या असतात. गावठाणांत मात्र चित्र वेगळं. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. झाड मुळासकट उपटलं की मुळांत गुंतलेली भूमिगत केबलही वर येते. खड्ड्यात केबल किंवा पिवळा गॅसचा पाइप दिसला, किंवा गॅसचा वास आला, तर महानगर गॅसच्या बिलावरचा आपत्कालीन क्रमांक लगेच लावा.

तिसरं: झाड कुणाचं?

फांद्या कुठे पडल्या हे पाहू नका. खोड जमिनीतून कुठे वर आलंय ते पाहा. फुटपाथवर, रस्त्याच्या कडेला, महापालिकेच्या बागेत असेल तर जबाबदारी महापालिकेची. कंपाउंडच्या आत असेल तर सोसायटीची. रो-हाउस किंवा बंगला असेल तर मालकाची, अथवा ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याची. नवी मुंबईत जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असते, पण म्हणून आवारातलं झाड सिडकोचं होत नाही. सांभाळायचं ते भूखंड ताब्यात असणाऱ्यानेच. रिकामा, वाटप न झालेला भूखंड असेल तर गोष्ट वेगळी. वागळे इस्टेट, महापे, तुर्भे भागात एमआयडीसीची जागा, रुळांशेजारी रेल्वेची, येऊरच्या बाजूला वनविभागाची, हेही ध्यानात असू द्या.

शेजारच्या सोसायटीचं झाड तुमच्या सर्व्हिस वायरवर पडलं, तर ते हटवायचं काम त्यांचं. अशा वेळी भांडण न करता त्यांच्या सेक्रेटरींना फोटोसह दोन ओळींचा मेसेज टाका आणि तक्रार तुम्हीच करा. खर्चाचं नंतर बोलता येतं.

महापालिका कोणती, हे नव्या माणसाने तपासून घ्यावं. खारघर, कामोठे, कळंबोली इथले लोक पत्ता नवी मुंबई लिहितात, पण २०१६ पासून ते भाग पनवेल महापालिकेत आहेत आणि जिल्हा रायगड. बेलापूर ते दिघा नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. विजेचंही तसंच: ठाणे आणि नवी मुंबईत महावितरण, पण कळवा, मुंब्रा, दिवा, शीळ भागात मार्च २०२० पासून वितरणाचं काम टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून पाहते. तिथे राहत असाल तर बिलावरचा क्रमांक लावा.

चौथं: दोन्ही तक्रारी एकाच वेळी, आणि एकीचा नंबर दुसरीला

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. लोक आधी महापालिकेला फोन करतात, वाट बघतात, मग पथक आल्यावर वीज बंद करण्यासाठी फोन करतात, तोवर पथक दुसऱ्या ठिकाणी निघून जातं. वादळाच्या रात्री ते परत कधी येईल सांगता येत नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचे वारे नोंदले गेले होते. असं वादळ येतं तेव्हा संपूर्ण महानगरात एकाच वेळी झाडं पडतात आणि ज्यांची तक्रार पूर्ण असते त्यांचं काम आधी होतं.

वीज: महावितरणचे १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. भाडेकरू असाल तर घरमालकाकडून त्याचा फोटो आजच मागून घ्या. खांबावर किंवा जवळच्या डीपीवर (वीज वाटणाऱ्या पेटीवर) नंबर रंगवलेला असेल तर तो लांबूनच वाचून सांगा, पथकाला जागा लगेच सापडते.

झाड: महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष. तो क्रमांक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नसेल तर पावसाळ्याआधी लिहून घ्या. माणूस अडकला असेल, आग असेल तर थेट १०१ किंवा ११२. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर मिळतो.

फोनवर 'झाड पडलंय, लवकर या' म्हणून भागत नाही. असं सांगा: "नौपाड्यात अमुक गल्ली, अमुक इमारत. गुलमोहराचं झाड, खोड सोसायटीच्या आत, सर्व्हिस वायर आणि केबलच्या तारांवर टेकलंय. रस्ता अर्धा बंद आहे. माणूस जखमी नाही. महावितरणकडे तक्रार केली आहे, तिचा क्रमांक हा." हाच क्रम महावितरणला सांगताना उलटा: "महापालिकेचं पथक येतंय, ते पोचल्यावर लाइन बंद करून द्यायची आहे." तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

केबल-इंटरनेटवाल्यांना तिसरा फोन. त्यांना झाड तोडायला नाही, आपला झुपका सोडवायला बोलवायचं. आणि ठामपणे सांगायचं की वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणीही शिडी लावायची नाही. या कामाला येणारी मुलं विशी-बाविशीतली असतात, कंपनीची घाई त्यांच्या मागे असते, आणि त्यांना 'थांब रे' म्हणणारं माणूस तिथे असावं लागतं. ते माणूस तुम्ही व्हा.

पथकं येण्याआधी फोटो काढून घ्या, पण योग्य ते. सगळे जण आडव्या झाडाचा काढतात. तुम्ही अंतर राखून, लांबूनच खोडाच्या बुंध्याचा काढा: आत पोकळ आहे का, वाळवी आहे का, खोडाभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट गळ्यापर्यंत आहे का, मुळं खोदकामात कापली गेली होती का. बुंधा एकदा ट्रकमध्ये गेला की 'झाड का पडलं' याचा पुरावा गेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडच्या कित्येक फुटपाथवर अजूनही वीतभर माती दिसत नाही.

पाचवं: कापताना काय पाहायचं

तुम्ही कापायचं नाही, पण लक्ष ठेवायचं. आमच्या गल्लीत गुलमोहर असाच सर्व्हिस वायरवर आला होता. जनमित्राने, म्हणजे महावितरणच्या लाइनमनने, खांबावर चढून पुरवठा तोडला, टेस्टरने तपासलं, मग करवत लागली. शेंड्याकडची एकेक फांदी खाली आली तशी केबल बोट बोट वर उचलली जात होती. शेवटच्या जाड फांदीच्या वेळी कामगाराने ती दोराने बांधली, दोघांनी दोर धरला आणि मगच कापली. ती तशीच कापली असती तर ताणलेली केबल धनुष्याच्या दोरीसारखी उसळली असती आणि भिंतीतला क्लॅम्प उखडून आली असती. म्हणून शेंड्याकडून बुंध्याकडे, लहानाकडून मोठ्याकडे, आणि दोर बांधून. घाईने बुंध्यापासून सुरुवात होताना दिसली तर मुकादमाला विचारायला संकोचू नका.

झाड पूर्ण पडलेलं नसेल, मुळं अजून जमिनीत धरून असतील आणि ते फक्त कललं असेल, तर ते 'पडलेलं' नव्हे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच आवारात असलं तरी. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर 'प्राचीन वृक्ष' म्हणून अधिक जपलं जातं. जीव धोक्यात असताना तातडीने कापावं लागलं, तर फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा. धोकादायक फांद्या काढून उरलेलं झाड वाचवता येईल का, हेही विचारा. तरुण झाड कधीकधी आधार देऊन पुन्हा उभं करता येतं.

पावसाळ्यात बगळे, पाणकावळे आणि इतर पक्ष्यांची घरटी याच झाडांवर असतात. पिल्लं खाली पडलेली दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि खोक्यात, सावलीत ठेवा. करवतीआधी दोन मिनिटं फांद्या बघायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

खर्च आणि भरपाई

मीटरपर्यंतची तार आणि खांब वीज कंपनीने दुरुस्त करायचे. मीटरच्या पुढे, मीटर रूममधून घरापर्यंत, सोसायटी किंवा तुम्ही. केबल-इंटरनेटची बाहेरची तार त्या कंपनीची. ती नव्याने ओढायचे पैसे तुमच्याकडे मागितले तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

सोसायटीच्या आवारातलं झाड हटवायचा खर्च सोसायटीच्या दुरुस्ती-देखभाल निधीतून, एकट्या तळमजल्यावाल्याच्या माथी नव्हे. महापालिकेचं पथक आवारात येऊन अनेकदा धोका असेल तेवढं कापतं आणि उरलेला पसारा ठेवून जातं. तो उचलणं सोसायटीचं.

गाडीचं नुकसान झालं असेल तर पॉलिसी बघा: फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, सर्वसमावेशक असेल तर मिळतात. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. झाड आदळून झालेलं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. गाडी हलवण्याआधी फोटो, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं आणि शक्य असेल तर पंचनामा, एवढं केलं की दावा अडत नाही.

झाडमालकाकडून भरपाई मागायची असेल, तर एकच प्रश्न महत्त्वाचा: झाड धोकादायक आहे हे त्याला आधी माहीत होतं का? निरोगी झाड वादळात पडलं तर कुणाला दोषी धरणं कठीण. पण वाळलेलं झाड, लेखी तक्रार दिलेली, आणि तरी काहीच केलं नाही, तर गोष्ट वेगळी होते.

झाडमालक तारेवरचं झाड काढू देत नसेल तर? विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ (५) प्रमाणे लाइनला अडथळा करणारं उभं वा पडलेलं झाड हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. त्यासाठी अर्ज वीज कंपनीने करायचा, म्हणून तिलाच लेखी सांगा. लाइनच्या आधीपासून असलेल्या झाडाला पुढच्याच पोटकलमात भरपाईची तरतूदही आहे. वीज कंपनीनेच दाद दिली नाही, तर तिच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

मे महिन्याआधी

गुलमोहर आणि सुबाभूळ ठिसूळ, गुलमोहराची मुळं वरवरची. आवारात ही झाडं तारांच्या वर असतील तर एप्रिलमध्येच पाहणी करा. कुऱ्हाड-कोयता घेऊन स्वतः उंच फांद्या छाटू नका आणि शेंडा पूर्ण उडवून बोडकं झाड ठेवू नका. नव्या फांद्या अशक्त फुटतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच तारांवर पडतात. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा वृक्ष प्राधिकरणाकडे छाटणीचा अर्ज द्या. ठाण्यात पाचपाखाडीला मुख्यालयात किंवा आपल्या प्रभाग समितीत, नवी मुंबईत बेलापूरला मुख्यालयात किंवा विभाग कार्यालयात.

अर्ज साधा असला तरी चालतो: "आमच्या सोसायटीच्या आवारात (किंवा समोरच्या फुटपाथवर) अमुक जातीचं झाड आहे. त्याच्या फांद्या वीज व केबलच्या तारांना टेकत आहेत, खोडाला पोकळी आहे. पाहणी करून छाटणी करावी / छाटणीस परवानगी द्यावी. फोटो सोबत." तारांना टेकणाऱ्या फांद्यांसाठी त्याची प्रत महावितरणच्या शाखा कार्यालयालाही द्या. केबलवाल्याला मेसेज करून झाडाला बांधलेला झुपका सोडवायला सांगा. झाड हे खांब नव्हे, आणि खिळे ठोकून बांधलेली केबल झाडाला आतून कुजवते.

आवक शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढून सोसायटीच्या फाइलमध्ये आणि ग्रुपवर ठेवा. सेक्रेटरी बदलतात, भाडेकरू बदलतात, पण झाड पडलं तर विमा कंपनी आणि महापालिका दोघेही पहिल्यांदा हाच कागद मागतात.